झाकण लावू नये

वारंगा फाट्यावरच्या ‘ग्रामीण दाखला सुलभीकरण कक्षा’त सन २००८ च्या जून महिन्यात एक लॅपटॉप दाखल झाला आणि त्याच आठवड्यापासून दाखले मिळणं बंद झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं कक्षाला वाटत नाही.

लॅपटॉपात लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे काय, असं कक्षप्रमुख अमृतरावांनी विचारलं तेव्हा ऑपरेटर बुद्धभूषणने सांगितलं की ते फुकट असतं, सगळ्यांचं असतं आणि कोणीही दुरुस्त करू शकतं. अमृतरावांचा चेहरा पडला. जे सगळ्यांचं असतं त्याचं पुढे काय होतं, हे त्यांनी गावच्या हातपंपाच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

यंत्राला दोन दुखणी होती. काम ऐन रंगात आलं की ते हँग व्हायचं. पडद्यावर जे असेल ते तसंच राहायचं, बाण हलायचा नाही, बटणं दाबून बोटं दुखायची. दुसरं म्हणजे, झाकण लावलं की ते झोपायचं आणि एकदा झोपलं की उठायचं नाही. मग बटण दाबून धरून त्याचा जीव घ्यायचा आणि पुन्हा जन्माला घालायचं. तोवर टाइप केलेलं सगळं गेलेलं असायचं. आणि झाकण लावल्याशिवाय अमृतरावांना चैन पडत नसे. साऱ्या नोकरीत त्यांनी उघडी वस्तू दिसली की झाकली होती: पाण्याचा माठ, शाईची बाटली, वरिष्ठांची चूक. त्यात फाट्यावर ट्रकांची धूळ.

“काहून उठून न्हाई राहिलं हे?” त्यांनी विचारलं.

“साहेब, तुमी झाकण लावलं,” बुद्धभूषण म्हणाला.

“मंग? जेवणानंतर मीबी डोळे झाकतो. पण वरचे साहेब आले की उठतो का न्हाई?”

“तुमच्यात लिनक्स न्हाई, साहेब.”

बुद्धभूषणने इंटरनेटवर विचारणा केली. परदेशातल्या कोणा भल्या माणसाने एक ओळ बदलायला सांगितली. ती बदलल्यावर लॅपटॉप झोपेतून उठू लागला, पण उठल्यावर प्रिंटरला ओळखेना. दुसऱ्या भल्या माणसाने दुसरी ओळ सुचवली. प्रिंटरची ओळख पटली, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटू लागले. मग अमृतरावांनी रीतसर चौकशी केली.

“ह्या माणसाचं खातं कोणतं?”

“खातं न्हाई, साहेब. तो असाच मदत करून राहिला.”

“पगार?”

“न्हाई.”

“बिनपगारी माणूस मदत करतो? ह्याच्यात काहीतरी डाव हाय. सगळं होतं तसं कर.”

सगळं होतं तसं झालं, म्हणजे बिघडलं. लगोलग कक्षादेश निघाला: सदर यंत्राचे झाकण कोणत्याही परिस्थितीत लावू नये, सदर यंत्र दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये, आणि सदर यंत्र आपणहून झोपत असल्यास त्यास झोपू देऊ नये. झाकण सुतळीने खिडकीच्या गजाला बांधण्यात आलं. हात लावला नाही तर यंत्राला डुलकी लागायची, म्हणून शिपाई प्रेमसिंग यांची जागलीवर नेमणूक झाली. रानडुकरांपासून ज्वारी राखायला शेतात जागल करतात, तशीच ही. खुर्चीत बसायचं आणि बोटाने बाण इकडून तिकडे फिरवत राहायचं. चहा सांगायला अमृतराव स्वतः जाऊ लागले. आधुनिकीकरणासाठी एवढी झीज सोसावीच लागते.

अशात ज्योती आली. बारावी झालेली, हुशार पोरगी. हिंगोलीच्या एका नर्सिंग शाळेत तिचा नंबर लागला होता, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रहिवासी दाखला दिला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. ती रोज येऊन परत जात होती. आज तिची आई जनकाबाईही आली होती.

“साहेब, हे लेकरू हितलंच हाय,” जनकाबाई म्हणाल्या. “मीच जल्म दिला, हितंच दिला. माझी साक्ष न्हाई चालत का?”

“चालली असती,” अमृतराव हळहळले, “पण आता कॉम्प्युटर आला ना, बाई.”

बुद्धभूषणने श्वास रोखून दाखला टाइप केला. नाव आलं, गाव आलं, जिल्हा आला. त्याने छपाईचं बटण दाबलं आणि यंत्र हँग झालं.

पडद्यावर ज्योतीचा दाखला लख्ख दिसत होता, पण बाहेर येत नव्हता. बंद करून चालू करावं, तर दाखला जाणार आणि पुन्हा तिथवर पोचायला किती दिवस लागतील ते लिनक्सच जाणे. ज्योतीला रडू फुटलं. खरं सांगायचं तर ते पाहून कोणालाही यंत्र खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं असतं. पण यंत्र शासनाचं होतं आणि ज्योती नव्हती.

“रडती काहून?” अमृतराव म्हणाले. “दाखला तयार हाय. दिसून राहिला ना?”

“पण शाळेत काय दाखवू, साहेब?”

अमृतरावांनी विचार केला. “हेच दाखव.”

सुतळी सोडण्यात आली. शासकीय यंत्र अधिकाऱ्याशिवाय बाहेर नेता येत नाही, म्हणून अमृतराव खिशात गोल शिक्का घालून निघाले. काळ्यापिवळ्या जीपमध्ये प्रेमसिंग उघडा लॅपटॉप मांडीवर धरून पुढे बसले आणि मागे मायलेकी. बॅटरीचा दिवा लाल होत चालला होता. प्रेमसिंग पदरात दिवा जपावा तसे हाताचा आडोसा करून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला जनकाबाई “हळू रे बाबा” म्हणायच्या आणि ड्रायव्हरला वाटायचं, कोणीतरी बाळंतीण आहे.

नर्सिंग शाळेत कारकून पद्माबाईंनी चष्मा लावून पडदा नीट वाचला.

“दाखला बराबर हाय. पण फाईलला काय लावू? लॅपटॉपला पंच मारू का?” त्या म्हणाल्या. “खरी प्रत आणा, शिक्का-सही करून. मी कुलूप लावायच्या आत.”

समोरच झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदाराने लॅपटॉप काचेवर पालथा घातला आणि वरून दाबला. हिरवा उजेड इकडून तिकडे सरकला. कागद बाहेर आला तो काळाकुट्ट. फक्त कडेला बोटभर पांढरी पट्टी. दुकानदार टापटिपीचा माणूस. लॅपटॉप परत देताना त्याने झाकण लावून दिलं.

प्रेमसिंगांनी झाकण उघडलं. पडदा काळा होता. बटणं दाबली, तरी काळाच.

“आमचं पोरगं गेलं हो,” जनकाबाई मटकन खाली बसल्या.

अमृतराव मात्र शांत होते. साऱ्या नोकरीतला अनुभव त्यांच्या मदतीला धावून आला. त्यांनी डाव्या हातात काळा कागद धरला, उजव्या हातात काळा पडदा. वरपासून खालपर्यंत बारकाईने ताडून पाहिलं.

“बराबर,” ते म्हणाले. “तंतोतंत जुळते. खरी प्रत हाय.”

पांढऱ्या पट्टीवर त्यांनी शिक्का मारला आणि लफ्फेदार सही केली. पद्माबाईंनी शिक्का पाहिला, सही पाहिली, कागदाला पंच मारला आणि फाईलला लावला. ज्योतीला प्रवेश मिळाला. ज्योती आज सिस्टर आहे आणि तिने दिलेलं इंजेक्शन अजिबात दुखत नाही, असं लोक सांगतात.

कक्षाने मग हीच पद्धत कायम केली. लॅपटॉपचं झाकण आता लावूनच असतं, त्यामुळे तो हँग होत नाही आणि उठायचंच नसल्याने झोपेची तक्रार उरलेली नाही. प्रेमसिंग पुन्हा चहा आणतात. बुद्धभूषण मिटलेला लॅपटॉप झेरॉक्सच्या काचेवर ठेवून काळ्या प्रती काढतो, अमृतराव शिक्के मारतात. प्रलंबित प्रकरणे: निरंक. जिल्ह्यातल्या कित्येक नोकऱ्या, प्रवेश आणि रेशनकार्डं त्या प्रतींवर झाली. तक्रार एकच आली. जळबा नावाचे एक गृहस्थ दाखला घेऊन परत आले आणि काउंटरवर आपटून म्हणाले, “हे काय साहेब? शिक्का फिका उमटला हाय.” त्यांना दुसरा मारून देण्यात आला.

तुम्ही हसलात, ते ठीक आहे. पण कपाटातल्या त्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये तुमचाही एक रहिवासी दाखला असेल. तो घेतला त्या दिवशी खिडकीपासून परत फिरता फिरता तुम्ही त्याचा शिक्का तेवढा उजेडात धरून पाहिला होता. आज जरा काढून वाचून बघा, वर काही लिहिलेलं आहे का.