सुभेदारांचा पिक्चर

आमच्या कोरेगावात शूटिंग सुरू करताना ‘अ‍ॅक्शन’ म्हणत नाहीत, ‘सावधान’ म्हणतात. कारण दिग्दर्शक आहेत फौजेतून रिटायर झालेले सुभेदार अण्णा, आणि कलाकारांतही निम्मे पेन्शनर फौजीच. पहिल्याच दिवशी अण्णा खच्चून ‘सावधान’ ओरडले आणि आजोबांचं प्रेत होऊन चटईवर पडलेले हवालदारमामा ताडकन उठून, टाचा जुळवून उभे राहिले.

“आवं मामा, तुमी मेलायसा,” अण्णा म्हणाले.

“व्हय, पर हुकूम आला नव्हं,” मामा म्हणाले.

मी साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून, आणि रविवारी हिरो. माझ्या अभिनयाशी या निवडीचा काही संबंध नाही. दर रविवारी हमखास मोकळा सापडणारा मी एकटाच होतो. शूटिंग मोबाइलवर, पिक्चर दिसणार यूट्यूबवर, पण अण्णांचा थाट सरहद्दीवरचा. “गड्या, पिक्चर म्हंजी लढाई हाय. माघार न्हाई,” हे दिवसातून दहादा ऐकायचं.

लढाईच होती ती. उभ्या उसात माझी नि हिरॉइनची चोरून भेट अर्धी चित्रित झाली, आणि पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर कारखान्याची टोळी सगळा ऊस तोडून गेलेली. मी कपाळाला हात लावला. अण्णांचे डोळे मात्र चमकले.

“लय झ्याक झालं. आता लपायला जागाच न्हाई. तिचा बाप बांधावनंच बघतोय.”

तो सीन असा काही रंगला की बघायला जमलेली माणसं हसून हसून बेजार झाली, आणि अण्णा मोकळ्या रानात चक्क नाचले. खरं सांगतो, तेच वारं आमच्याही अंगात शिरलं होतं. सोमवारपासूनच मी रविवारची वाट बघायचो.

शेवटचा सीन उरला. फौजी हिरो सुट्टीवर येतो, पण आई आधीच गेलेली असते. ही गोष्ट अण्णांची स्वतःची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आई आजारी असल्याचं कळून ते कोरेगाव स्टेशनवर उतरले, तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. “ह्यो एक सीन जमला की आपुन जितलं,” असं ते पहिल्यापासून म्हणत.

पिक्चरात हिरोला निदान आईचं तोंड तरी बघायला मिळणार होतं. आईचं काम शेजारच्या पारूकाकींकडे होतं. त्या चटईवर आडव्या झाल्या, डोळे मिटले. मोबाइलमागे उभे असलेले अण्णा हळूच म्हणाले, “काकी, उठा. चुलीम्होरं बसा.”

“आवं अण्णा, गोष्टीत तर ती मेलीया,” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ दे ती गोष्ट. माझ्या पिक्चरमदी ती जित्ती हाय.”

काकी भाकरी थापायला बसल्या. मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो. काकींनी मान वर केली आणि आपल्या मनानंच बोलल्या, “आलास व्हय रं? लय येळ लावलास.”

मी काय म्हणायचं, ते कुणी ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात मोबाइलमागून उत्तर आलं, “व्हय आई. आलो बग.”

पिक्चरमध्ये तो शॉट तसाच आहे. ओठ मिटून उभा मी, आणि आवाज अण्णांचा. पुन्हा एकदा घेऊ, असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही.