लिस्बनमधलं मराठी

दामू टेंबे लिस्बनमधल्या लोकांचं मराठी सुधारायचा.

थट्टा नाही. कॅनडातून आमच्या मराठी मंडळातले आम्ही काही निवृत्त लोक पोर्तुगालच्या सहलीला गेलो होतो. बाकीचे निळ्या फरशांच्या भिंतींपुढे फोटो काढत होते आणि दामू दुकानांच्या पाट्या वाचत होता. बेकरीतल्या बाईला म्हणाला, "पांव नाही हो बाई, पाव! नाकात कशाला बोलता?" तिला काय कळलं कोण जाणे, पण एक पाव जास्त दिला.

"अरे, ही आपलीच माणसं," तो मला सांगायचा. "आमच्या रेवदंड्याला येऊन किल्ला बांधून गेली. इतक्या वर्षांत परतभेटीला कुणी आलं नाही. बरं दिसतं का ते?"

चर्च आलं की तो बाहेरच थांबायचा. "चर्च तुम्ही बघा, मी भाजीवाली बघतो." भाजीवालीच्या तोंडीही बटाटा 'बटाटा'च होता. दामूचा दिवस तेवढ्यावर सोन्याचा व्हायचा.

शेवटच्या संध्याकाळी बस सुटायची वेळ झाली आणि दामूचा पत्ता नाही. मी शोधायला निघालो. जुन्या वस्तीतल्या एका उतरत्या गल्लीत, कुलपं-बादल्यांच्या दुकानात तो स्टुलावर बसलेला. तिकडच्या विधवा घालतात तशा काळ्या कपड्यातली म्हातारी दुकानदारीण एकेक वस्तू उचलून नाव सांगत होती.

"शाव्ह."

"चावी!"

"बाल्द."

"बालदी!"

"गामेला."

"घमेलं! घमेलं गं बाई!" आणि दोघांनी टाळी दिली.

"दाम्या, लाज आहे का काही? सगळे खोळंबलेत."

तो उठला. गल्ली चढताना दम लागून थांबला. म्हणाला, "घरी मी बोललो की नातवंडं 'व्हॉट, आजोबा?' करतात. मुलगा म्हणतो, बाबा, इंग्लिशमध्ये सांगा ना. माझी सुमती गेल्यापासून 'घमेलं' हा शब्द तोंडून निघाला नव्हता रे. या बाईनं एकदाही 'व्हॉट' केलं नाही."

मी त्याला बसमध्ये आणलं. सगळे वैतागले होते, त्यांना हसवावं म्हणून म्हणालो, "टेंब्यांना एक विधवा सापडलीय!" अख्खी बस हसली. मग कॅनडात आमच्या वॉटर्लूला परतल्यावर कोजागिरीच्या कार्यक्रमात तोच किस्सा मी तिखटमीठ लावून माइकवरून सांगितला. बायकांनी दामूला 'लिस्बनकर' नाव ठेवलं. त्याच्या सुनेच्या कानावर गेलं. तिनं विचारलं, त्यानं खुलासा केला नाही. कुठल्या भाषेत करणार?

त्यानंतर तो मंडळात आला नाही. मराठी कानावर पडण्याची त्याची एकच जागा उरली होती, ती मी बंद केली. मंडळींनो, तिथे बाई होती हे खरं. पण दामू थांबला होता तो तिच्या तोंडच्या शब्दांसाठी.

गेल्या आठवड्यात वॉटर्लूशेजारच्या केंब्रिजला त्याच्या मुलाच्या घरी गेलो. दामू बेसमेंटमध्ये राहतो. म्हटलं, "दाम्या, चुकलं माझं."

तो केटल लावायला उठला. मंडळात कित्येक वर्षं माझा चहा त्याच्याच हातचा. मला साखर किती लागते हे माझ्या बायकोपेक्षा त्याला जास्त ठाऊक. कपात दूध ओतत, पाठमोराच, तो म्हणाला,

"डू यू टेक शुगर?"