एक ‘न’ राहिला

“प्रोग्रॅम बदलला तरी कुणाची सॉनाची वेळ मिनिटभरसुद्धा हलणार नाही!” सोसायटीचा संगणक सांभाळणारा इल्पो सभेत छाती फुगवून म्हणाला. “आणि हलली, तर माझी शुक्रवारची सहाची वेळ त्याला देऊन टाकीन!”

सभा गार झाली. फिनलंडमधल्या कुओपिओत माणूस एक वेळ गाडी पणाला लावील, पण तळघरातल्या वाफेच्या खोलीतली शुक्रवार संध्याकाळची सहाची सॉना? तिच्यासाठी इल्पो आणि त्याची बायको राइली नऊ वर्षं रांगेत होती. मिळाली तीही पाच वर्षांपूर्वी तार्मो आणि मार्केत्ता यांचा घटस्फोट झाला म्हणून. तो ‘अ’ जिन्यातल्या घरात गेला, ती ‘क’ जिन्यात राहिली, आणि सहाची वेळ मोकळी झाली.

आता सॉनाची यादी, दाराचं कुलूप, भट्टी, आठवणीचे मेसेज, हे सगळं एक जुना संगणक बघायचा. तोही खरा नव्हे. दुसऱ्या संगणकाच्या पोटात राहणारा भाडेकरू! त्याला पोटात ठेवणारा प्रोग्रॅम म्हातारा झाला होता. नवा प्रोग्रॅम म्हणे जुन्याचं हुबेहूब सोंग आणू शकत होता. घर बदललंय हे भाडेकरूला कळणारही नाही! इल्पोला हे वाचल्यापासून जेवण गोड लागेना. खरंच कळणार नाही?

बुधवारी सकाळी त्यानं भाडेकरूला त्याच्या डिस्कसकट नव्या घरात हलवलं. भाडेकरू जागा झाला, त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि पडद्यावर ओळ उमटली: डिस्क सापडत नाही.

“बिघडलं ना?” राइलीनं कॉफी ठेवत विचारलं.

“बिघडलं कसलं! अगं, किती मजा आहे बघ! त्याची जुनी सवय अशी की साध्या डिस्कवर जागं व्हायचं, आणि घर ओळखीचं दिसलं की ती डिस्क उपटून फेकायची. कारण घरची खास डिस्क असतेच! इथं सोंग इतकं बेमालूम वठलं की त्यानं ओळखलं, फेकली, आणि खास डिस्क मी दिलेलीच नाही!”

“म्हणजे बसला त्याच फांदीवर घाव घातला.”

“अगदी! आता एकच डिस्क दोन दारांनी द्यायची. जागं होताना साध्या दारानं, घर ओळखल्यावर खास दारानं.”

त्यानं डिस्कच्या फाइलचं नाव साध्या दारासाठी पहिल्या ओळीत लिहिलं, खास दारासाठी दुसऱ्या ओळीत लिहिलं, आणि भाडेकरू सुरळीत उठला. इल्पोनं टाळी वाजवली. यादी उघडून बघण्याइतका धीर त्याला कुठला!

शुक्रवारी सहाला पाच मिनिटं असताना इल्पो आणि राइली अंगावर झगे, हातात सॉनात अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन तळघरात उतरली. इल्पोनं किल्ली कुलपाला टेकवली. लाल दिवा! पुन्हा टेकवली. पुन्हा लाल!

तेवढ्यात झग्यातच तार्मो आला.

“तू इकडे कुठं?” इल्पोनं विचारलं.

“मला मेसेज आला. शुक्रवार, सहा. वाटलं, तूच उदार झालास!”

त्याच्या मागून मार्केत्ता उतरली. तार्मोला पाहून पायरीवरच थबकली.

“हा इथं काय करतोय?”

“मेसेज आलाय,” तार्मो पुटपुटला.

“मलाही आलाय.”

तिनं किल्ली टेकवली. हिरवा दिवा! आतून तापलेल्या दगडांची ऊब बाहेर आली.

“भट्टी तापलीय,” मार्केत्ता म्हणाली. “तापलेली सॉना वाया घालवणारी मी नाही.”

“मीही नाही,” तार्मो म्हणाला.

आणि दोघं आत गेली! इल्पोनं दाराला कान लावला. पाच वर्षं समोर आलं तरी एकमेकांना ओळख न दाखवणारी माणसं आत काय बोलत असतील?

“भांडतायत?” राइली कुजबुजली.

“नाही. तो म्हणतोय, दगडांवर पाणी ओतू? ती म्हणतेय, अजून विचारून ओततोस होय!”

मग हसू ऐकू आलं. इल्पो झग्यातच वर पळाला.

संगणकावर चूक ढळढळीत दिसत होती. सहा वर्षांपूर्वीच्या प्रतीला त्यानं नाव दिलं होतं ‘सॉना-ऊसी’, म्हणजे नवी. चालू यादीची फाइल ‘सॉना-ऊसिन’, म्हणजे सगळ्यांत नवी. पहिल्या ओळीत ऊसिन, दुसरीत ऊसी. एक ‘न’ राहिला! भाडेकरू आजच्या डिस्कवर जागा झाला, घर ओळखलं, ती फेकली, आणि सहा वर्षांपूर्वीच्या यादीत जाऊन निवांत बसला, जिथं शुक्रवारची सहाची वेळ अजून तार्मो आणि मार्केत्ता या जोडप्याचीच होती.

इल्पोनं ‘न’ घातला. यादी जागेवर आली. एका ‘न’नं केलेला घोटाळा त्यानं सगळ्यांना मेसेजनं कळवला.

रविवारी दारात तार्मो उभा, हातात गरमागरम कालाकुक्को, मासे भरलेला पाव. मागे मार्केत्ता.

“इल्पो,” तार्मो खाकरला, “तो ‘न’ परत काढता येईल का?”

“छे छे! तुम्हा दोघांसाठी अख्खी इमारत सहा वर्षं मागे कशी नेणार?”

“पण तू सभेत म्हणाला होतास, वेळ हलली तर माझी देईन म्हणून.”

“अरे, मी इथल्या साव्हो प्रांताचा माणूस! साव्होवाला बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्याची. जुनी म्हण आहे!”

“खरंय,” आतून कालाकुक्कोसाठी सुरी आणत राइली म्हणाली. “सभेत पहिल्या रांगेत बसून मीच ऐकत होते. म्हणून जबाबदारी माझी. काल सहाची वेळ यांच्या नावावर करून टाकली.”



“आणि आपण?” इल्पोनं विचारलं.

“रांगेत. एकोणिसावे,” राइली म्हणाली. “तोवर मंगळवार, दुपारी दोन.”