उलट्या अक्षरांचा सिंह

चष्मेवाल्याने तिकीट कोमट पाण्यातून काढलं, पालथं करून टॉवेलवर ठेवलं आणि टॉवेल उन्हातल्या खुर्चीवर पसरला. महसुली तिकिटं जमवण्याचा त्याला नाद होता, त्यातही राजचिन्हांची. हे एका देशाचं होतं. राज्य गेलं, नाव बदललं, पण नवी तिकिटं छापून होईपर्यंत जुन्याच सिंहछाप तिकिटांवर काळ्या शाईत नवं नाव छापून वापरली. त्यात एखादा कागद यंत्रात उलटा गेला असावा, कारण या तिकिटावर सिंह सरळ उभा होता आणि देशाचं नाव उलटं. ते मिळवायला त्याची अर्धी हयात गेली होती. पडद्यातून पिवळसर ऊन झिरपत होतं. तिकिटाकडे बघता बघता त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा त्याच खुर्चीत व्याही बसले होते.

व्याही म्हणजे मुलीचे सासरे. मोजकं बोलणारे, मानापानाला जपणारे. चहा संपवून ते उठले. "चला, जरा पाय मोकळे करू."

ते दाराकडे वळले आणि चष्मेवाल्याला सिंह दिसला. व्याह्यांच्या विजारीवर, मागच्या बाजूला, मधोमध. तिकिटाचा गोंद अजून ओलाच होता.

"अगं," तो बायकोच्या कानाशी लागला, "सिंह गेला."

"मग मागा की."

"व्याह्यांना काय सांगू, पाठ फिरवा म्हणून?"

रस्त्यावर तो मुद्दाम मागे राहिला. व्याही थांबत, तोही थांबे.

"या ना बरोबर."

"छे छे, आपण पुढे."

संध्याकाळचा सोनेरी उजेड उतरला होता आणि सिंह त्यात संथपणे डुलत चालला होता. चष्मेवाला काळजी विसरून त्याच्यामागे तरंगल्यासारखा जात राहिला. बागेत व्याही बाकावर टेकणार, तोच तो भानावर आला.

"बसू नका, ओलं आहे."

व्याह्यांनी हात फिरवून पाहिला. कोरडं होतं. पुढचा बाकही त्याने ओला ठरवला, त्यापुढचाही. गुडघे धरून व्याही झाडाखाली उभे राहिले.

"एक विचारू?" ते हळूच म्हणाले. "बरोबर चालत नाही, शेजारी बसू देत नाही. आमच्याकडून मुलीचं काही कमी-जास्त झालंय का?"

पोरीचा संसार एका तिकिटावरून कुठे चालला होता. चष्मेवाल्याने खाली बघत सगळं सांगून टाकलं.

व्याह्यांनी मागे हात नेला आणि तिकीट अलगद सोडवलं. चष्मा लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"नाव उलटं का?"

चष्मेवाल्याने सांगितलं. बुडालेलं राज्य, घाईत चाललेला छापखाना, उलटा गेलेला कागद. बोलता बोलता दोघंही कोरड्या बाकावर कधी बसले, ते त्यांनाच कळलं नाही. दिवे लागले. व्याह्यांच्या चेहऱ्यावर चष्मेवाल्याला एक हरवलेपण दिसलं. ते त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. रोज दाढी करताना आरशात दिसायचं.

"आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नाही," व्याही म्हणाले. "हे राहू दे माझ्याकडे?"

व्याह्यांना नाही कसं म्हणायचं?

तो घरी परतला तेव्हा बायको दारातच होती.

"मिळालं का तिकीट?"

"मिळालं," तो म्हणाला. "व्याह्यांना."