रंगारआळीस वाटेची काठी नाकारली त्याची हकीकत

श्री. जो ऐकतो त्यास नमन, आणि जो ऐकून न ऐकल्यासारखे करतो त्यासही नमन, कारण राज्य त्याचेच आहे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते साली एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही. एकाचे लिहिले तर बाकीची सुटल्यासारखी होतील.

त्या राज्याचे मूळपुरुष महाराज मोठे न्यायी, परंतु कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणत की, कागद वाटेत चार हात बदलतो आणि हातागणिक शहाणा होतो. माणूस पायी आला तर जसा निघाला तसाच पोहोचतो. म्हणोन त्यांनी वहिवाट घालून दिली की, एकट्याचे गाऱ्हाणे असेल तर अर्ज करावा, परंतु आळीची आळी दुखावली असेल तर सर्वांनी मिळून पायी चालत राजवाड्याच्या देवडीवर यावे, आणि त्यांच्या पायांची धूळ खाली बसण्याच्या आत महाराजांनी सज्जात येऊन ऐकावे. यास धूळदाद म्हणत. आणि येणारांस वाटेत कोणी अडवू नये म्हणोन कोतवाली निर्माण केली, आणि कोतवालास रुप्याच्या मुठीची काठी दिली, की ही घेऊन त्याने लोकांच्या पुढे चालावे व वाट मोकळी करावी. कोतवालीचे मूळ काम इतकेच होते. चोर धरणे हे मागाहून लागले.

ऐसे असता त्या साली कारभारी सरदारांचे पुतणे, वरल्या पेठेत राहणारे हैबतराव यांच्या मर्जीस आले की मंगळगज हत्ती आपण स्वतः हाकावा. मग त्यांनी माहुतास खाली उतरविले आणि अंकुश आपले हाती घेतला आणि नदीकडे निघाले, आणि घाटावर सूत धूत बसलेला गणबा साळी हत्तीच्या पायाखाली सापडून ठार जाहला. सरकारातून ठरले की हत्ती बुजला. परंतु त्याच घाटावर नेमाजी रंगारी कापड खंगाळीत होता. तो बाजारात बोलिला की, "हत्ती बुजला नाही. हत्ती मागे सरत होता. वरच्याने अंकुश मारून पुढे घातला." वरल्या पेठेत मंगळगजाची दसऱ्यास पूजा होत असे, तेथील लोक खवळले की याने देवासारख्या जनावरास बट्टा लावला. हत्तीविषयी नेमाजी एक वाकडा शब्द बोलिला नव्हता, उलट कैवारच घेतला होता, परंतु हा भेद पाहण्याची कोणास गरज वाटली नाही. मग नेमाजीस कैद केले आणि हुकूम जाहला की अमावास्येस याची रवानगी डोंगरी गडावर करावी. त्या गडावरून पाणी खाली येते, माणूस येत नाही, ऐसी म्हण होती.

नेमाजीची थोरली बहीण सगुणाबाई, रंगारआळीत तिची भट्टी, मनगटापर्यंत हात निळीने निळे. बाई फार बोलत नसे. तिने विचार केला की, अर्ज करावा तर अर्ज सरदारांच्याच कचेरीत जातो, आणि सरदार हैबतरावांचे चुलते. तेव्हां धूळदादीवाचून मार्ग नाही, आणि ती अमावास्येपूर्वीच मागितली पाहिजे. रंगारी आणि साळी दोन्ही आळ्या एक जाहल्या. मग बाई म्हाताऱ्या चांगो साळीस बरोबर घेऊन चावडीवर गेली आणि काठी मागितली.

कोतवाल विसाजीपंत यांनी दोघांस बसविले, पाणी दिले, आणि म्हणाले, "बाई, काठी देतो असे अगदी तोंडापर्यंत आले होते. पण सकाळीच वरल्या पेठेचे लोक येऊन गेले. म्हणतात, ती माणसे आमच्या बाजारातून चालली तर माडीमाडीवरून धोंडे पडतील, आमची पोरे आमच्या हातात नाहीत."

"मग ज्यांच्या हातात धोंडे त्यांना धरा," सगुणाबाई म्हणाली.

"धरू कसे? अजून मारला कोठे? गुन्हा घडण्याआधी धरले तर तो अन्याय होईल."

"आम्ही तरी अजून चाललो कोठे?"

दारात शिपायांचा नाईक सुभानजी उभा होता, त्यास एकाएकी खोकला आला. पंत रागावले नाहीत. पंत वाईट गृहस्थ नव्हते, हेच या हकिकतीत सर्वांत वाईट. मागले साली बाजारात दंगा होऊन त्यांचा खंडू शिपाई डोके फुटून मेला होता आणि त्याच्या तिरडीस पंतांनी स्वतः खांदा दिला होता. ते हळू बोलिले, "खंडूची बायको अजून माझ्या दारावरून जाताना पदर ओढून घेते. ते पुन्हा मला नको."

"खंडूला मारले ते चालणारांनी, की धोंडे टाकणारांनी?"

"धोंड्यावर नाव नसते, बाई. गर्दी नसती तर तो मेला नसता, एवढे खरे."

"बाजार नसता तरी मेला नसता. बाजार बंद केलात का?"

पंत म्हणाले की, ही मनाई तुमच्याच जिवासाठी आहे. बाई म्हणाली, "आमच्या जिवाचे आम्ही पाहू. नेमाजीच्या जिवाचे तुम्ही पाहता का?" मग पंत समजुतीच्या सुरात म्हणाले, "अमावास्या होऊन जाऊ द्या. लोकांची डोकी निवली की काठी देतो, शब्द आहे माझा." तेव्हां चांगो साळी उठता उठता म्हणाला, "अमावास्येनंतर कशाला चालायचे, पंत? तेराव्याचे जेवण आम्ही आळीतच घालतो."

दुसरे दिवशी डांगोरा पिटला की, रंगारी अथवा साळी पाचांहून अधिक एका दिशेने चालले तर मुसक्या बांधू. आणि शिपाई नदीच्या वाटेवर बसविले. आता रंगात भिजली सतरंजी सहा जणांवाचून उचलत नाही. तेव्हां सहाव्यास शिपाई परत पाठवी, आणि पाच जण सतरंजी चिखलातून ओढीत नेत, आणि नदीवर गेल्यावर पुन्हा धूत, आणि येताना पुन्हा ओढीत. शिपायास विचारिले की, बाबा, आम्ही राजवाड्याकडे नाही, पाण्याकडे चाललो, तर तो म्हणे, "मला दिशा कळत नाही, आकडा कळतो." आणि त्याच सायंकाळी वरल्या पेठेने आपली सरशी जाहली म्हणोन मंगळगजास झूल घालून, ताशे लावून, गुलाल उधळीत मिरवणूक काढली, आणि ती मुद्दाम रंगारी व साळी दोन्ही आळ्यांवरून नेली, आणि पुढे रुप्याच्या मुठीची काठी घेऊन विसाजीपंत स्वतः चालले. कोणी विचारिले की हे कसे, तर उत्तर आले की, ते गाऱ्हाणे नव्हे, आनंद आहे. आनंदाला मनाई नाही. गणबा साळ्याच्या दारावरून हत्ती गेला तेव्हां त्याच्या बायकोने दार लावून घेतले. त्या संध्याकाळी रंगारआळीच्या एकाही माळ्यावरून खडासुद्धा पडला नाही. धोंडे न टाकल्याबद्दल आळीस काय मिळाले, तर काही नाही. धोंडे टाकू म्हणणारांस हवी ती मनाई मिळाली, मिरवणूक मिळाली आणि कोतवाल पुढे चालावयास मिळाला.

रात्री आळीत सारे बसले. चांगो साळी म्हणाला, "सगुणे, हिशेब सरळ आहे. त्यांनी धोंडा दाखवून मनाई मिळविली, आपण धोंडा दाखवून काठी मिळवू. या कोतवालाला तेवढीच भाषा कळते." खरे सांगावे तर विचार सगुणाबाईस गोड लागला. हैबतरावांचे पागोटे धुळीत पडलेले तिच्या डोळ्यांपुढे आले आणि ते चित्र तिने चांगले वेळभर पाहिले. मग म्हणाली, "काका, उद्या आपण धोंडा उचलला की पंत म्हणतील, पाहा, मी सांगत नव्हतो? आज ते खोटे आहेत. त्यांना खरे मी करणार नाही." चांगो म्हणाला, "आणि नेमाजी?" बाई उठून भट्टीकडे गेली.

अमावास्या आली. गडाची वाट वरल्या पेठेच्या बाजारातूनच जाते, दुसरी वाट नाही. पेठेने पुन्हा तेच सांगून पाठविले की, तो रंगारी बाजारातून नेलात तर धोंड्यांनी ठेचू. परंतु सरदारांच्या कचेरीतून हुकूम होता की कैदी जिवंत पोहोचला पाहिजे, वाटेत मेला तर लोक त्याची समाधी बांधतील. मग विसाजीपंतांनी काय केले, तर पहाटेच प्रत्येक माडीवर एकेक शिपाई चढविला, आणि दोन्ही बाजूंस ढालकरी उभे केले, आणि पेठेच्या म्होरक्यांस चावडीवर बोलावून सुपारी कातरीत बसविले, आणि आपण काठी घेऊन पुढे जाहले. सुभानजी नाईकाने एका माडीच्या जिन्यात दोघे जण पदरात धोंडे भरताना पाहिले, त्यांस बखोट्यास धरून खाली आणले आणि हात बांधून वाण्याच्या ओट्यावर बसविले. बाजार चित्रासारखा उभा राहिला. एक खडा पडला नाही.

सगुणाबाई कडेने एकटीच चालत होती. एकटीस मनाई नव्हती. तिने माडीवरचे शिपाई पाहिले, ढाली पाहिल्या, ओट्यावर बसविलेले ते दोघे पाहिले. नेमाजीने तिला पाहून हाक दिली, "आक्का, भट्टी विझली नाही ना?"

"नाही. तू गडावर डोक्याला बांधत जा. वारा फार असतो म्हणतात."

"बांधायला काय आहे?"

तिने खांद्यावरचे निळे फडके काढून दिले, आणि शिपायाने ते झटकून पाहून त्यास देऊ दिले. पेठेची वेस आली, आणि गडाची वाट फुटली, आणि कैदी पुढे गेला, आणि तो वळणाआड होईतो बाई उभी राहिली. मग पंतांसमोर आली.

"वाट मोकळी होते तर, पंत."

"आज हुकूम होता, बाई."

"त्या दिवशी वहिवाट होती. मूळपुरुषांची."

"हुकूम ताजा असतो."

"आणि ओट्यावरचे ते दोघे? त्यांनी तर अजून धोंडा मारला नव्हता."

पंत काठीची मूठ अंगरख्याला पुसू लागले. म्हणाले, "मारणार होते." मग आपणच बोललेले आपल्या कानी पडून त्यांचा चेहरा उतरला, परंतु तो चेहरा त्यांनी तसाच घरी नेला, त्याचे पुढे काही केले नाही. शहरात गडबड होऊ दिली नाही म्हणोन त्यांस हुजुरातून शेला पागोटे मिळाले. गणबाच्या मृत्यूची चौकशी जाहली नाही.

पुढले साली विकृतीनाम संवत्सर लागले, आणि दरबारात वारे फिरले, आणि सरदारांवर इतराजी जाहली, आणि त्यांजबरोबर हैबतरावही सापडले. त्यांजवर फितुरीचा आळ आला, खरा की खोटा हे कोणी तपासिले नाही, आणि तोच डोंगरी गड नेमून दिला. तेव्हां वरल्या पेठेस धूळदाद आठवली. हैबतरावांच्या मातोश्री मथुराबाई, ज्यांनी कधी चावडीची पायरी पाहिली नव्हती, त्या काठी मागावयास आल्या. हे ऐकून सगुणाबाई हातची नीळ तशीच टाकून चावडीवर गेली.

मथुराबाई म्हणाल्या, "तू रंगाऱ्याची बहीण ना? हसायला आलीस?"

"नाही, आईसाहेब. काठी मागायला आले. तुमच्यासाठी."

"माझ्या लेकाची तुला दया आली?"

"नाही आली. त्यांनी गणबाला मारले, आणि तुम्ही देवडीवर उभ्या राहिलात की मी मागून येऊन हेच ओरडून सांगणार. तुम्ही म्हणा निर्दोष आहे, मी म्हणेन दोषी आहे. पण तेवढ्यासाठी आधी दोघींना तेथवर चालत जाता आले पाहिजे." मग पंतांकडे वळून म्हणाली, "द्या काठी."

पंत म्हातारे दिसू लागले होते. म्हणाले, "देता येत नाही. रंगारआळीतून धोंडे पडतील."

"कोण म्हणाले?"

"कोणी म्हणाले नाही. अंदाज आहे."

"मी रंगारआळीची. मी सांगते, पडणार नाहीत. वाटल्यास आमच्या माडीमाडीवर शिपाई चढवा. तुम्हांला येते ते, मी पाहिले आहे."

"तुमची पोरे तुमच्या हातात आहेत याला आधार काय, बाई? आणि एकदा दिली नाही, आता दिली तर पक्षपात होईल. जी मनाई तुम्हांला, तीच त्यांना. यात तरी मला दोष देऊ नका."

मथुराबाई दाराच्या चौकटीस धरून उभ्या राहिल्या. मग ज्या बाईच्या भावाविरुद्ध त्यांच्या पेठेने धोंडे वेचले होते तिला त्यांनी विचारिले, "आता कोणाकडे जायचे गं?" सगुणाबाईस उत्तर ठाऊक होते. परंतु ते विसाजीपंतांनी ऐकावे म्हणोन ती त्यांच्याकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "कोणाकडे नाही, आईसाहेब. यांनाच तर वाट मोकळी करायला ठेवले होते."

तात्पर्य, धोंडा उचलणाराच्या धाकाने चालणाराचे पाय बांधले, तेव्हां त्या राज्यात पुढे धोंड्याचीही गरज उरली नाही, नुसता अंदाज पुरला. कोतवाल पक्षपाती नव्हते. दोन्हीकडची माणसे त्यांनी सारख्याच बंदोबस्तात गडावर पोहोचविली. त्या सालापासून शहरात शांतता नांदली ऐसे दप्तरी लिहिले आहे, आणि ते खोटे नाही. गडावरही शांतताच आहे.