बाबांच्या पानावरच्या माश्या

माझ्या एका बटणासरशी साठ जीव झोपी जातात! बढाई नव्हे, नोकरीच आहे माझी. फळमाशीच्या खसखशीएवढ्या मेंदूत पंख्याच्या आकाराचा एक भाग असतो. त्यातल्या मूठभर पेशी कामाला लागल्या की माशी झोपते, त्या गप्प बसल्या की माशी जागी. आमच्या खास माश्यांमध्ये या पेशी तांबड्या दिव्याने कामाला लावता येतात. दिवा लावला, की माशी ढिम्म!

प्रयोगशाळेतला एसी बिघडला म्हणून त्या साठ जणींना मी तांबड्या दिव्यासकट सुकापूरच्या घरी आणलं. साठ बारीक काचनळ्या, प्रत्येकीत एक माशी, तोंडाला कापसाचा बोळा. दोनच दिवसांचा प्रश्न होता. काय बिघडणार होतं?

त्यातच बाबांचं वर्षश्राद्ध आलं.

आईने जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी आणि पेलाभर ताडी असं पान गच्चीवर ठेवलं. शेवटच्या आठवड्यात बाबांनी घोटभर ताडी मागितली होती. डॉक्टर नको म्हणाले, म्हणून तिने दिली नव्हती. आता पानाला कावळा शिवेपर्यंत ती जेवणार नव्हती. दीड वाजला तरी कावळा फिरकेना. सुकापुरातल्या कावळ्यांनीही जागा बिल्डरला दिल्या असाव्यात!

"रुसलेत माझ्यावर ते," आई म्हणाली.

"दादूस रुसनारा नवता, वयनी," बाबांची बहीण सोनाबाई आत्या म्हणाली. "पान खाली आन, फोटोसमोर ठेव. वाती करून ठेवल्यात मी."

पान खाली आलं. मी सहज नळ्या बघायला आतल्या खोलीत गेले. नळ्या होत्या. बोळे नव्हते. माश्याही नव्हत्या!

"आत्या, नळ्यांमधला कापूस?"

"त्याच्याच तं वाती केल्या! चांगला कापूस हाय गो!"

"अगं, आत माश्या होत्या!"

"मंग सुटल्या बिचाऱ्या. बरा झाला!"

आंबलेल्या वासापुढे फळमाशीला जग दिसत नाही. सगळ्या जणी ताडीच्या पेल्यावर, लग्नात आइस्क्रीमच्या टेबलाभोवती होते तशी गर्दी करून! मी पडदे ओढले आणि तांबडा दिवा पेल्यावर धरला. झोपल्या की ब्रशने एकेक उचलायची, असा बेत.

मिनिटभरात सगळ्या ढिम्म.

माश्या हाकलायला आत्याने पदर झटकला. एकही हलली नाही. पुन्हा झटकला. छे! तिने थेट हात जोडले.

"वयनी! आला गो दादूस! बघ, पेल्यावरून उठत नाय!"

पेशी, पंखा, दिवा, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आई पेल्याकडे बघत होती.

"घेतली त्यांनी," ती म्हणाली.

मी दिवा तसाच पेल्यावर रोखून टेकवून ठेवला.

"रंजू, कालवण वाढ गं."

दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने!

जेवणं झाल्यावर मी माश्या नळ्यांत भरायला बसले. कोणती कुठल्या नळीतली, देव जाणे! आई शेजारी येऊन नळी धरून बसली.

"किती मिळाल्या?"

"बेचाळीस."

"बाकीच्या?"

"ताडीत."

ती हळूच म्हणाली, "दिवा बंद केलास की उडतील ना परत?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती नळीकडेच बघत होती.

"हो."

"मग पुढच्या वर्षीही याच आण. कावळ्याचा काय भरवसा!"

फळमाशी जेमतेम दोन महिने जगते. मी म्हटलं, "आणीन."