हिरवी डबल बेल

डासांच्या धुराची गाडी आमच्या केडगावच्या कॉलनीत शिरली की सगळे दारं-खिडक्या लावून घेतात. दोरीवरचे कपडे आत येतात, पाण्यावर झाकणं पडतात. अशा वेळी फक्त एक माणूस घराबाहेर पडतो. डोक्याला माकडटोपी, नाकावर पंचा, हातात पेनाएवढा लेझर. आमचे शेजारी सोपानकाका त्या गाडीमागे चालायला लागतात आणि धुरात दिसेनासे होतात. मग धुरातून एक लांबलचक हिरवी रेघ निघते आणि पाठोपाठ काकांचा आवाज येतो, "हळू घ्या ड्रायव्हरसाहेब, पॅसेंजर चढतोय."

काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. मूळचे जामखेडकडचे, आणि निम्मं आयुष्य जामखेड-नगर गाडीत उभ्यानं काढलेलं. नोकरी संपली, पण गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. काम जमलं की ते म्हणतात "डबल बेल", बिघडलं की "सिंगल". कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते, हे एसटीनं फिरलेल्यांना सांगायला नको. माझी बदली रद्द झाली तेव्हा काकांनी माझ्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक केलं आणि निघून गेले. अभिनंदन झालं, असं मी समजून घेतलं.

लेझरचं खूळ शिरलं ते एका वरातीपासून. डीजेची गाडी रस्त्यानं चालली होती, वर आभाळात रंगीत झोत फिरत होते. सगळी कॉलनी तोंड वर करून बघत होती. काका मात्र समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथं एक ठिपका ढोलाच्या तालावर उड्या मारत होता.

"सेक्रेटरी," काका म्हणाले, "थाप भिंतीवर दिसती की वं."

कॉलनीच्या गणपती मंडळाचा मी सेक्रेटरी आहे, म्हणून काका मला नावानं कधीच हाक मारत नाहीत. मी "हो, दिसते" म्हणालो आणि विसरलो. माणसानं असं चटकन हो म्हणू नये.

दुसऱ्याच दिवशी काका नगरच्या बाजारातून लेझर घेऊन आले आणि भर दुपारी गच्चीवर जाऊन तपासायला लागले. काही दिसेना. संध्याकाळी पुन्हा लावला तर नुसता ठिपका. काका तडक दुकानदाराकडे. "रेघ कुठं हाय? ठिपकाच दिला तुमी." दुकानदारानं सांगितलं, रेघ दिसायला हवेत धूर लागतो. झालं. घरात ऊद, अंगणात गोवऱ्या, आणि आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांना देवघराचा वास. बायको म्हणाली, "या तळायच्या की ओवाळायच्या?"

एकदा त्यांनी लेझर सरळ आभाळात मारला. मी धावत गेलो आणि म्हणालो, काका, पलीकडे भिंगारला मिलिटरी आहे, वरून विमानं जातात, नसती आफत येईल. काकांनी तात्काळ लेझर बंद केला. तेव्हापासून कुणी विचारलं तर सांगतात, "आभाळ आपल्या रूटवर न्हाई."

मग मोबाईलवरचे व्हिडिओ बघून त्यांनी यंत्र बांधलं. जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर, त्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्याच्या तोंडावर ताणलेला फुगा आणि फुग्यावर चिकटवलेला नखाएवढा आरसा. स्पीकर वाजला की फुगा थरथरतो, आरसा हलतो आणि त्यावर पडलेला लेझर भिंतीवर नाचतो. भिंत अर्थात माझी. आमच्या दोन घरांमध्ये मोकळा प्लॉट आहे आणि माझ्या घराची प्लॉटकडची बाजू पांढरी आहे. रोज संध्याकाळी तिच्यावर हिरव्या जिलब्या पडायच्या. बासरी लावली की जिलबी गोल व्हायची, लावणी लावली की विस्कटायची.

नियम मात्र कडक. लेझर माणसाच्या डोक्याच्या वरूनच जाणार, आणि बघणाऱ्यानं खाली बसलंच पाहिजे. डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाईल, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. कॉलनीतले निवृत्त हेडमास्तर एकदा कुतूहलानं उभे राहून पुढे वाकले, तर काकांनी त्यांना दंडाला धरून पायरीवर बसवलं. "उभ्यानं प्रवास न्हाई."

मी ती भिंत पिस्ता रंगानं रंगवायचं ठरवलं आणि रंगाचा डबाही आणला. काका कुंपणापाशी आले. "गनपतीपर्यंत पांढरी ऱ्हाऊ द्या. आरतीनंतर मला अर्धा तास पायजे. आख्ख्या कॉलनीम्होरं शो दावायचाय." मी म्हणालो, कमिटी ऐकणार नाही, त्यांना मोठे लाइट हवेत. काकांचा आवाज उतरला. "एकदाच मागतोय, सेक्रेटरी. ह्यो एक शो चुकायला न्हाई पायजे." त्यांनी आजवर माझ्याकडे कढीपत्त्याशिवाय काही मागितलेलं नव्हतं. कमिटीसमोर मी छातीवर हात मारून सांगितलं, शो झकास होईल, भिंतीवर हिरवा मोर नाचेल, माझी जबाबदारी.

आणि त्यानंतर काका बिघडले. म्हणजे त्यांचं यंत्र बिघडलं, असं मला वाटलं. जिलब्या बंद झाल्या. गोल नाही, फूल नाही, नुसता एक ठिपका, जो पखवाजाची थाप पडली की वर उडायचा आणि खाली यायचा. रोज तेच. "गानं नको, थाप तेवढी पायजे," म्हणत ते यंत्राचं बटण पिळत बसायचे. मी म्हणालो, काका, लोक मोर बघायला येणार आहेत. ते म्हणाले, "मोराला टाइम हाय."

इंदूकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, हा सगळा धुराळा ओट्यावरून बघत असायच्या. एकेकाळी कॉलनीच्या महिला भजनी मंडळात टाळ वाजवावा तर काकूंनीच. मग ऐकू येणं कमी होत गेलं. एका एकादशीला त्यांचा टाळ मागे पडायला लागला. बायका चांगल्या, कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी टाळ पिशवीत ठेवला आणि पुन्हा भजनाला गेल्या नाहीत. कानाचं मशीन आणलं होतं, तेही काढून ठेवलं. म्हणाल्या, "त्येच्यातनं मिक्सर ऐकू येतंय, मानूस न्हाई." काका या विषयावर कधी बोलले नाहीत. मलाही वाटलं, म्हाताऱ्यानं आपलं मन दुसरीकडे रमवलंय.

शोच्या संध्याकाळी आरती झाली, मोकळ्या प्लॉटवरच्या मांडवातले दिवे मालवले. काकांनी एसटीच्या आवाजात पुकारलं, "बसून घ्या. म्होरं सरका, मधी जागा हाय. उभ्यानं प्रवास न्हाई." सगळे बसले. धूर नव्हता, गाणं नव्हतं. भजनी मंडळ पुढे बसलं होतं आणि मंदाताईंच्या पखवाजासमोर काकांनी यंत्राला जोडलेला माईक ठेवला होता. मंदाताईंनी थाप दिली. माझ्या भिंतीवर हिरवा ठिपका उडाला आणि खाली आला. पुन्हा उडाला, पुन्हा खाली आला.

"मोर कधी हाय?" मागून कुणीतरी विचारलं. पोरं हसली. कमिटीतली मंडळी माझ्याकडे बघायला लागली. मी वाकत वाकत काकांपाशी गेलो. "काका, निदान जिलबी तरी दाखवा."

"सेक्रेटरी, बसून घ्या."

मग ते मागे गेले. मांडवाच्या कडेला, अंधारात, काकू बसल्या होत्या. काकांनी खिशातून टाळ काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. काकूंनी मान हलवली, नको. काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं आणि त्यांच्या खांद्यावर बोटानं दोनदा टकटक केलं.

काकू बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग टाळ वाजला. उशिरा वाजला. दुसरा थोडा लवकर. मंदाताईंनी लय जराशी धीमी केली, आणि मग ठिपका उडाला तेव्हाच टाळ वाजला. पुन्हा उडाला, पुन्हा वाजला. बायकांच्या ते लक्षात आलं, पण एकीनंही मान वळवली नाही. त्यांनी सरळ अभंग उचलला. पोरांचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. पोरं मांडीवर ताल धरत होती, आणि माझे डोळे भरून आले होते.

सगळ्या मांडवात एकटे काका उभे होते, मागच्या खांबाला टेकून, गाडी भरल्यावर कंडक्टर दाराशी उभा राहतो तसे.

अभंग संपला, दिवे लागले. काका वायर गुंडाळत होते. मी म्हणालो, "काका, मला आधी सांगायचं तरी. कमिटीला नीट समजावलं असतं."

"सांगितलं असतं तर समदी तिच्याकडंच बघत बसली असती," काका म्हणाले. "आता समदी भिंतीकडं बघत हुती."

तेवढ्यात काकू मागून आल्या. टाळ त्यांनी पिशवीत टाकला नव्हता, हातातच होता. त्यांनी काकांच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक केलं आणि घराकडे निघाल्या. काकांनी वायर तशीच टाकली आणि मागोमाग गेले. उरलेली मी गुंडाळली.

आता दर गुरुवारी भजन आमच्या प्लॉटवर असतं. पिस्ता रंगाचा डबा अजून जिन्याखाली पडून आहे.